खाडीकाठचे कलरमास्तर

मास्तर गेले, असं गल्लीत कोणी म्हटलं की मला राग येतो. मेले नाहीत ते. गावी गेलेत, मुलीकडे, शिरपूरच्या पुढे. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्याबद्दल नीट बोलावं.

त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी घेत नसे. ते मिलमध्ये कलरमास्तर होते. कापडाला कोणता रंग किती घ्यायचा, कशात मिसळायचा, किती वेळ उकळायचा, हे ठरवणारा माणूस. माझा नवरा त्याच मिलमध्ये घडी खात्यात होता, म्हणून मी त्यांची वहिनी. नवरा वारला तरी मी वहिनीच राहिले. त्यांची खोली आणि माझी खोली एकाच ओट्यावर, मधे एक भिंत.

गल्ली आमची सुरतेत, बमरोलीकडची. निम्मी गल्ली धुळ्याची, निम्मी नंदुरबारची, कोपऱ्यात दोन घरं ओडिशाची. घरांची पाठ खाडीकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा खाडीला पायऱ्या होत्या आणि बायका तिथे गोधड्या धुवायच्या. आता पायऱ्या गाळात गेल्या. पाणी कधी जांभळं, कधी पिवळं, कधी नुसता फेस. पुढे ते नदीत जातं, नदी समुद्रात. आम्ही नाकाला पदर लावायला शिकलो आणि गप्प बसलो. मास्तर गप्प बसले नाहीत, म्हणून लोक त्यांना येडे म्हणत.

येडेपणा होताच. उगाच झाकत नाही. मिल सुटल्यापासून त्यांनी अंगावर रंगीत कपडा घातला नाही. पांढरा लेंगा, पांढरी बंडी, पांढरी टोपी. मुलीने दिवाळीला आकाशी सदरा पाठवला तर तो त्यांनी पोस्टमनला देऊन टाकला. नखं मात्र निळी ती निळीच, मुळापासून. पोरं विचारायची, "मास्तर, नखं कशानं रंगवली?" ते म्हणायचे, "पगारानं."

त्यांच्यासमोर रंगाचं नाव घ्यायची चोरी होती. मी म्हटलं हिरवी साडी, की विचारणार, "कोणतं हिरवं? मेथीचं, मुगाचं, का पोपटाचं?" एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता होता. बायका हौसेने त्यांना मार्केटात घेऊन गेल्या, की रंगातला माणूस आहे, फसणार नाही. दुकानदाराने शालू काढला, म्हणाला, "बेन, एकदम मरून." मास्तर उठले, शालू दारात उजेडाला नेला, कोपरा थुंकीने ओला करून स्वतःच्या टोपीवर घासला. टोपी गुलाबी झाली. दुकानदाराला दाखवून म्हणाले, "हा नवरीच्या पाठीवर उतरेल." असे सात शालू. आठव्याला दुकानदाराने हात जोडले. बायका रिकाम्या हाताने आल्या आणि पुढचे चार दिवस त्यांना कोणी चहा विचारला नाही. मी विचारला. टोपीही मीच धुतली.

रोज सकाळी दात घासायच्या आधी ते मोरीवर जायचे. मोरी म्हणजे खाडीवरचा छोटा पूल. हातात काठी, काठीच्या टोकाला बांधलेली पांढऱ्या सुती धोतराची चिंधी. ती पाण्यात बुडवायची, शंभर आकडे मोजायचे, वर काढायची, हुंगायची. परत येताना माझ्या दारात थांबायचे.

"वहिनी, आज कोनता रंग शे, सांगा."

"मळका."

"मळका रंग नसतो. ही लिंबाची साल आहे. दुपारपर्यंत विटकरी येईल."

आणि दुपारी विटकरी यायचं. कोणत्या मिलमध्ये आज कोणता माल चाललाय, हे मालकाला कळायच्या आधी आमच्या ओट्यावर कळत असे.

चिंधी सुकली की तिच्या कोपऱ्यावर बॉलपेनने तारीख टाकायची, आणि अर्ज लिहायला बसायचं. अर्ज झोन ऑफिसात. तिथे मराठी चालत नाही म्हणून म्हातारपणी गुजराती लिहायला शिकले. पण गुजरातीला डोक्यावरची रेघ नसते ती त्यांना सहन होईना. सगळा अर्ज लिहून झाला की पट्टी घेऊन प्रत्येक ओळीवर रेघ ओढायचे. खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, आ लाइन शेनी?" मास्तर म्हणाले, "अक्षरं लटकायला काही नको का?" कारकून हसला, अर्जावर शिक्का मारला. काम काही झालं नाही, पण शिक्का मारला.

काम म्हणजे काय व्हायचं तेही सांगते. दोन माणसं हातगाडी घेऊन यायची. खाडीच्या काठावर चुन्याची पांढरी पावडर मारायची, थोडं औषध शिंपडायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि जायची. संध्याकाळी मास्तरांच्या मोबाइलवर मेसेज, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ते तो मोबाइल घेऊन माझ्याकडे यायचे. मागे खाडी तशीच काळी.

"वहिनी, खाडी साफ झाली."

"कुठे?"

"मोबाइलमधे."

एक दिवस मी त्यांना तोंडावर विचारलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "मास्तर, घरात तुम्ही एकटे. पोर गावी. तुमचं काय जास त्यामा? कसाले मरता रोज त्या मोरीवर?"

ते भाकरी खात होते. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. घास गिळून झाल्यावर बोलले.

"मोरीखाली तो जाडा पाइप दिसतो ना? आपल्या मिलचा. त्याचा वाल्व तीस वर्षं माझ्या हातात होता. उरलेला रंग कुठे टाकू, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. शेठ म्हणाला, सोड. मी सोडला. नंतर विचारलंसुद्धा नाही." मग म्हणाले, "तो पाइप बंद झालेला बघायचाय. माझ्या डोळ्यांदेखत. बाकी मले काही नको."

मी ताट उचललं. माझाही संसार त्याच शेठच्या पगारावर झालेला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

एका वर्षी आषाढात पाइपातून असं पाणी सुटलं की डंकीला रंग आला. डंकी म्हणजे आमच्या गल्लीचा हातपंप. पांढऱ्या कळशीत पाणी घ्यावं तर गुलाबी दिसायचं. पोरांच्या पायांना खाज सुटली, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. मास्तरांनी तीन आठवडे एक दिवस चुकवला नाही. रोज चिंधी, रोज तारीख. झोन ऑफिसात जाऊन बसायचे, साहेब जेवायला उठले तरी बसून राहायचे. शेवटी मोठे साहेब कंटाळून म्हणाले, शनिवारी येतो, तुमच्याकडे काय पुरावा आहे तो दाखवा, मिलला नोटीस काढतो. पाण्याचं काय, पाणी तर वाहून जातं. पुरावा म्हणजे त्या चिंध्याच. मास्तरांना रात्रभर झोप नसावी, भिंतीपलीकडून खाट वाजत होती.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्याकडे कानबाई बसायची होती.

खान्देशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. कानबाई येणार म्हटलं की घरातली एक वस्तू मळकी ठेवायची नाही. भिंती, डबे, गोधड्या, पायपुसणं, सगळं धुऊन काढायचं. देवी कुठल्या कोपऱ्यात बघेल सांगता येत नाही. आणि मास्तरांची खोली आमच्याच ओट्याला लागून. देवी ओट्यावरून येणार आणि शेजारी बिनबाईचं घर, महिनोन् महिने फडकं न लागलेलं. मास्तर साहेबांना आणायला गेले होते, कारण साहेब रस्ता चुकतात असा त्यांचा अनुभव. किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मी त्यांची खोली उघडली आणि कामाला लागले.

खाटेखाली एक गाठोडं सापडलं. सोडलं तर घाण वास. मळक्या, डागाळलेल्या चिंध्या, वीसेक असतील. ते रोज चिंधी बुडवतात हे मला माहीत होतं, साहेबांना त्याच दाखवायच्या आहेत हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बघून झालं, हुंगून झालं, आता धुवायच्या राहिल्यात. म्हाताऱ्याला कुठे जमतं? मी पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मूठभर सोडा टाकला, चिंध्या भिजवल्या, धोपाटण्याने बडवल्या. रंग सुटता सुटेना असं नाही झालं. लगेच सुटला. गटारातून लाल, निळं, पिवळं पाणी वाहत खाडीकडे गेलं. मी चिंध्या पिळून त्यांच्याच दोरीवर ओळीने वाळत घातल्या. पांढऱ्याशुभ्र. तारखासुद्धा गेल्या. मला तर बरं वाटलं. मनात म्हटलं, मास्तर पाहतील.

अकराच्या सुमाराला जीप आली. मास्तर पुढच्या सीटवर ताठ बसलेले, जसे काही वरातीत. साहेब तरुण होता, बोलायला चांगला. गल्ली गोळा झाली. मास्तरांनी खोलीचं दार उघडलं, खाटेखाली वाकले. मग तसेच वाकलेले राहिले.

मी म्हटलं, "गाठोडं शोधता का? त्या धुई टाक्यात मी. त्या काय, दोरीवर."

साहेबाने एक चिंधी दोरीवरून काढली. उलटी केली, सुलटी केली.

"काका, आ तो चोख्खां छे."

गल्ली हसली. हसणारच. मी मात्र मास्तरांचं तोंड पाहिलं आणि तेव्हा मला कळलं की मी काय केलं. त्यांनी चिंधी हातात घेतली, उजेडाकडे धरली, नाकाशी नेली. हळूच म्हणाले, "सोडा." मग साहेबाकडे वळले. माझ्याकडे बोट दाखवतील असं मला वाटलं. दाखवायलाच पाहिजे होतं.

"साहेब," ते म्हणाले, "चूक माझी. सुती कापडावर हा रंग धरत नाही. मला माहीत असून मी सुती घेतलं."

साहेब मोरीवर जाऊन आला. पाइपातून त्या वेळी थेंब नव्हता. मिलला आधीच कुणकुण लागली असणार. वहीत काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवलं: स्थळ पाहिलं, रंगीत पाणी आढळलं नाही. सही केली आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. गाणी झाली, रोट झाले. रोट म्हणजे देवीचा नैवेद्य, तो भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून मास्तरांना मी निराळी खीर करून दिली. ते आले, दर्शन घेतलं, खीर प्यायले. मी माफी मागितली नाही. मला ते येत नाही, कधी शिकवलंच नाही कोणी. ते म्हणाले, "वहिनी, डाग काढायला हात चांगला आहे तुमचा. मिलमध्ये असता तर माझं काम वाचलं असतं." आणि हसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी कानबाईला निरोप दिला. मंगळवारी मी नवऱ्याचं ठेवणीतलं धोतर ट्रंकेतून काढलं, त्याच्या चिंध्या फाडल्या आणि मास्तरांच्या कडीला अडकवून ठेवल्या. दुसऱ्या सकाळी काठीला नवी चिंधी होती.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू. मुलीने येऊन ऑपरेशन करवलं तर आणखीच पंचाईत झाली. म्हणायचे, "डॉक्टरने माझ्या डोळ्यात नीळ टाकली." सगळं त्यांना निळसर दिसायला लागलं. आयुष्यभर ज्याच्यावर भाकरी खाल्ली तेच हातचं गेलं. चारचौघांत कबूल करत नसत. मोरीवर मात्र मला सोबत न्यायला लागले. चिंधी वर काढून माझ्यापुढे धरायचे.

"सांगा."

"लाल."

"वहिनी, चौथी शिकलेल्या बाईने असं बोलू नये. कशासारखं लाल?"

"गाजर."

"कच्चं का शिजलेलं?"

"शिजलेलं. हलव्यातलं."

"हां. मग तो नवा माल आहे."

सत्तरीची झाले मी, तोवर मला जगात पाच-सहा रंग माहीत होते. त्या दोन वर्षांत किती कळले याची गणती नाही. गव्हाच्या कोंड्याचा रंग निराळा, भाजलेल्या रव्याचा निराळा. संध्याकाळी विटाळलेल्या खाडीवर सुद्धा एक रंग येतो, वांग्याच्या देठाजवळ असतो तसा. हे मला त्या माणसाने दाखवलं, आणि त्याला स्वतःला ते दिसत नव्हतं. माझ्या नवऱ्याने मला चांगलं सांभाळलं, तक्रार नाही. पण तू काय बघतेस, असं त्याने कधी विचारलं नाही.

मुलगी त्यांना न्यायला आली तेव्हा मास्तर दोन तास भांडले. पाइप बंद झाल्याशिवाय येत नाही म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, तो पाइप तुमच्यानंतर पन्नास वर्षं राहील." पोरगी माझ्यासारखीच, आडून बोलत नाही. मग ते टोपी घालून रिक्षात बसले. मी निरोपाला रस्त्यापर्यंत गेले नाही. दूध गॅसवर होतं.

मागच्या पावसाळ्यात खाडीपूर आलं. वरून पाऊस, खालून भरतीचं पाणी, खाडीला जायला वाटच नाही. ती आमच्या घरांत शिरली. आम्ही माळ्यावर बसून खाली बघत होतो. भांडी तरंगत होती आणि पाणी होतं जांभळं. पिकलेल्या जांभळाचं नाही, जांभूळ खाल्लेल्या जिभेचं. दोन दिवसांनी उतरलं तर गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर एकसारखा जांभळा पट्टा.

कानबाई आठवड्यावर आलेली. बायकांनी बादल्या, ब्रश, सोडा सगळं बाहेर काढलं. मी गल्लीच्या मधे जाऊन उभी राहिले.

"कोणी भिंतीला हात लावायचा नाही."

"आजी, अशा भिंतीत कानबाई बसवायची?"

"साहेब बघून जाईपर्यंत अशीच. देवीला मी सांगते काय सांगायचं ते."

"देवी कोपली तर?"

"माझ्या नावावर घाला."

तरी गल्लीतल्या एका सुनेने हळूच ब्रश मारलाच. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि रस्त्यावर ओतली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

झोन ऑफिसात मी स्वतः गेले. रेघा ओढलेला अर्ज माझ्याजवळ नव्हता. मी खिडकीपाशी म्हटलं, चला, भिंती बघा, भिंती वाहून जात नाहीत. तीन दिवस जात राहिले. चौथ्या दिवशी साहेब आले, तेव्हाचे नव्हेत, दुसरे. पट्टा पाहिला, माप घेतलं, फोटो घेतले. एवढे फोटो की पोरांना वाटलं शूटिंग आहे. मी त्यांना मोरीवर नेलं, पाइप दाखवला. पुढच्या आठवड्यात माणसं आली, विटा आणि सिमेंट घेऊन. जेवणाच्या सुट्टीआधी पाइपाचं तोंड बंद केलं. इतकंच काम होतं. अर्धा दिवस.

मी मास्तरांना फोन लावला. मुलीने त्यांच्या हातात दिला.

"मास्तर, पाइप बंद झाला."

मला वाटलं रडतील. ते कसले रडतात!

"सिमेंट कुठून लावलं? मिलच्या बाजूने का खाडीच्या?"

"खाडीच्या."

"मग आतून दाब येईल. फुटी जाई ते." मग जोरात म्हणाले, जसं काही मी पलीकडच्या भिंतीआड आहे, "रोज बघत जा, वहिनी. फुटनं ते सांगा. मी इसू. काही झालं तरी इसू."

मुलगी मागून ओरडली, कुठे येणार, जिना उतरवत नाही तुम्हाला. त्यांनी फोन ठेवून दिला.

फुटलं तर येतो म्हणाले. तेव्हापासून मी रोज सकाळी मोरीवर जाते. कठड्याला धरून वाकते आणि सिमेंट बघते. अजून पक्कं आहे. पोरांच्या पायांची खाज गेली, डंकीला चांगलं पाणी येतं, सगळी गल्ली खूश आहे. मीही आहे. पण खोटं कशाला लिहू? कधी कधी मी जरा जास्त वाकते, आणि कुठे बारीक चीर गेली आहे का ते शोधते.